खिशातला चुरा

यांचा कोट झटकायला बाल्कनीत नेला आणि सवयीने खिशात हात घातला, तर बोटांच्या टोकांना चुरा लागला. खिसे तपासणं हे माझं कामच आहे. मी लॉन्ड्रीत काउंटरवर असते; आलेला कपडा मशीनमध्ये जायच्या आधी माझ्या हाताखालून जातो. लोकांच्या खिशांत काय काय निघतं ते विचारू नका. बटणं, तिकिटं, दाढदुखीच्या गोळ्या, एकदा कुणाच्या तरी मुलाचा दुधाचा दात, कागदात नीट गुंडाळलेला. सिगारेट सोडली म्हणून घरी कोण खोटं सांगतं, दुपारी बागेत एकटं बसून कोण दाणे खातं, हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं. एवढं सगळं पाहून झालेली मी, पण यांच्या खिशाबद्दल कायम निर्धास्त होते. एका बाजूला रुमाल, दुसऱ्या बाजूला किल्ल्या, बस. चुरा चिमटीत धरून उजेडात पाहिला. तपकिरी, जाडाभरडा, काही कण करपून काळे झालेले. मग जे झालं ते ठरवून झालं नाही. मी बोट जिभेवर ठेवलं. आधी आलं लागलं, मग करपलेली साखर, आणि मग नुसती गोडी जिभेच्या कडांनी मागे मागे गेली. तोंडाला पाणी सुटलं. राग यायच्या आधी पाणी सुटलं, ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही. कारण यांनी गोड सोडून कित्येक वर्षं झाली होती, आणि यांच्यामागोमाग मीही सोडलं होतं.

सासूबाईंची साखर वाढली तेव्हाची ही गोष्ट. आधी एक पाय गेला, मग नजर गेली, जीभ तेवढी शेवटपर्यंत शाबूत राहिली. दुपारच्या वेळी त्या पलंगावर बसून हुंदके द्यायच्या, काहीतरी गोड द्या गं म्हणून. एकदा जेवताना यांनी स्वतःच्या पुढ्यातली वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "आई, आजपासून मलाही नको." सासूबाई म्हणाल्या, "तू कशाला रे जिवाला मारतोस," पण त्या दिवसापासून त्यांचं रडणं थांबलं. मी माझ्या चहात साखर घालायची तेवढी बंद केली. पुढे त्या गेल्या. वर्ष सरलं, दुसरं सरलं, हे काही गोडाकडे वळले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे यांच्या दुःखाचं झाकण उघडून आत डोकावायचं, असं मला वाटायचं. तर अशी आम्ही दोघं समोरासमोर बसून बिनसाखरेचा चहा पीत आलो. आमचा संसार या फिक्या चहावर टिकलाय असा माझा समज होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला तोरा होता. लॉन्ड्रीतल्या बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला लागल्या की मी गप्प राहायचे. माझ्याजवळ जे होतं ते त्यांच्याजवळ नव्हतं, मग बोलून कशाला दाखवायचं. आणि इकडे हा मनुष्य बाहेर बिस्किटं खात होता.

संध्याकाळी हे आले, हात धुवायला बसले. लिफ्टदुरुस्तीचं काम, नखांतलं ग्रीस निघायला वेळ लागतो. मी मागे उभी राहून यांच्या मानेकडे पाहत होते. मानेला कळत नसतं आपल्याकडे कुणी पाहतंय ते. "कोट झटकला," मी म्हटलं. "बरं केलंस." "खिशात काही नव्हतं." "काय असणार?" असं म्हणून यांनी नळ बंद केला आणि टॉवेल मागितला. आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. तेच मला लागलं. माणूस चाचरला असता, नजर चुकवली असती, तर मी समजून घेतलं असतं की याला निदान माझी भीती तरी आहे. जेवताना मी यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत मी यांचं तोंड नीट पाहिलंच नव्हतं हे तेव्हा ध्यानात आलं. ओठांच्या कोपऱ्यात एक लहानशी रेघ होती, ती कधी आली? हसून आली असेल तर कुणाबरोबर हसून? या तोंडाने काल नाहीतर परवा आल्याचं बिस्कीट खाल्लं, त्याची चव जिभेवर घोळवली, आणि आता हेच तोंड माझ्या हातचं मुकाट जेवतंय. मला जेवण जाईना. "बरं नाही का?" यांनी विचारलं. "बरी आहे," मी म्हटलं, आणि माझं ताट उचलून आत नेलं.

त्या चुऱ्यावरून मी एक आख्खी बाई उभी केली. विकतचं बिस्कीट असं नसतं. विकतची सगळी एका मापाची, आणि करपलेली बाजारात येत नाहीत. म्हणजे घरचं. म्हणजे कुणीतरी हाताने केलेलं, आणि यांच्यासाठी आणलेलं. मी तिला तरुण केलं. मग वाटलं, तरुण बाया कशाला बिस्किटं भाजत बसतील, म्हणून चाळिशीच्या जरा अलीकडची केली. केस मोकळे ठेवणारी. बोलताना समोरच्याच्या बाहीवरचा धागा काढून टाकणारी. "एवढं एक घ्या ना," असं मान तिरकी करून म्हणणारी. तिचा आवाजसुद्धा मला ऐकू यायला लागला, जरा घोगरा. तिला चेहरा तेवढा देता येईना. चेहरा द्यायला गेलं की दरवेळी माझ्याच तरुणपणीच्या फोटोतला यायचा, तो मी पुसून टाकायचे.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत मी खिसे तपासताना चुरा शोधायला लागले. कोणत्या कोटात काय खाल्लेलं आहे, कोणत्या खिशाला कसला वास आहे. आणि काय सांगू, निम्म्या गावाच्या खिशांत चुरा असतो. माझ्या हाती रोज येत होता, मी रोज तो ब्रशने झाडून टाकत होते. दुपारी ताईला फोन केला. माझी थोरली बहीण. तिला दोन नवऱ्यांचा अनुभव आहे, त्यामुळे तिचं मत मी मानते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बिस्कीटच सापडलं ना? लिपस्टिक तर नाही?" मी म्हटलं, "लिपस्टिक परवडली असती गं. लिपस्टिक पुसता येते." "तू आधी नीट जेव," ताई म्हणाली. "आणि त्याला सरळ विचार." तेच तर मला जमत नव्हतं. विचारलं आणि यांनी साधेपणाने सांगितलं असतं, अमकीने दिलं, खाल्लं, तर पुढे मी काय म्हणणार होते? का खाल्लंत? बिस्कीट खाल्ल्याबद्दल नवऱ्याला जाब विचारणारी बाई म्हणून मी कुणापुढे उभी राहणार?

पण एक सोय आपोआप चालून आली होती. वर्षअखेरची सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी यांच्या कंपनीत बिस्किटांची अदलाबदल असते. ज्याने त्याने घरून बिस्किटं करून आणायची, लांबलचक टेबलावर मांडायची, आणि मग रिकामा डबा घेऊन टेबलाच्या कडेकडेने फिरत प्रत्येक ताटलीतली थोडी थोडी उचलायची. घरी जाताना प्रत्येकाच्या डब्यात सगळ्यांच्या हातचं. तिथे खायचं मात्र नाही. एका वर्षी साहेबांच्या मेहुण्याने गप्पा मारता मारता दोन ताटल्या फस्त केल्या, तेव्हापासून कुणी न सांगता हा नियम झाला. माझ्या बिस्किटांचं तिथे नाव आहे. दोन पातळ चकत्या, वरचीला मधोमध गोल खिडकी, खिडकीतून लाल जॅम दिसतो. दिसायला अशी की उचलणारा क्षणभर थांबतो. ती मी न चाखता करते. गोड सोडलेलं, चाखणार कशी? वासावर, रंगावर आणि हाताच्या अंदाजावर. तुटलेली निघतात ती लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्याला नेऊन देते, आणि आणलेला डबा कधी शेजारी देते, कधी ताईकडे. आमच्या घरात ती बिस्किटं तयार होतात, पण या घरात ती कुणी खात नाही. ही गोष्ट मी लोकांना सांगायचे तेव्हा लोक म्हणायचे, कमाल आहे हो तुमची. मला ते ऐकायला आवडायचं. आता म्हटलं, हे दिवसभर कामावर असतात, म्हणजे ती तिथलीच; शनिवारी तिची ताटलीही त्याच टेबलावर येणार. घरची बिस्किटं करणारी बाई अदलाबदल सोडणार नाही. डोळ्यांत तेल घालून शोधायची.

शनिवारी सकाळी मी लोण्याला लागले. लोणी आधी फेसायचं, पांढरं होईपर्यंत. मग त्यात साखर, मग पुन्हा फेसायचं. हातात लाकडी चमचा, भांडं पोटाशी धरलेलं. साखर विरघळत गेली की चमच्याचा आवाज बदलतो, खरखर जाते आणि भिजल्या कापडासारखा आवाज येतो, तिथे थांबायचं. मैदा चाळला, मीठ घातलं, आणि चाळता चाळता वाटलं की आज तीही हेच करत असणार. या घडीला कुठल्यातरी स्वयंपाकघरात ती आलं किसतेय. गुणगुणत असेल. मला गुणगुणता येत नाही. हे बाहेरच्या खोलीत रेडिओ उघडून बसले होते, स्क्रू टेबलावर मांडून. हातांना बरं वाटतं यांच्या, काहीतरी उघडून ठेवलं की. आमच्या ओव्हनचं बटण गेलं वर्षभर सैल आहे, मी पकडीने फिरवते, ते यांनी अजून उघडलेलं नाही. हे पाणी प्यायला आत आले आणि ओट्याशी उभे राहिले. ताटात पहिल्या चकत्या निवत होत्या. यांनी त्यांच्याकडे पाहिलं, असं मला वाटलं. की माझ्याकडे पाहिलं? "सरका, हात भाजेल," मी म्हटलं. हे सरकले. पेला विसळून पालथा ठेवला आणि परत रेडिओकडे गेले.

ते सरकणं मला दिवसभर पुरलं. दुसरा घाणा मळताना मी मनात तिच्याशी भांडत होते. तुला काय ठाऊक आहे या माणसाचं? याची आई कशी गेली ते ठाऊक आहे? रात्रपाळीवरून आल्यावर हा आधी बूट काढून हातात धरतो आणि चवड्यांवर चालत येतो, ते पाहिलंयस? तू त्याला एक करपलेलं बिस्कीट दिलंस, आणि त्याने एवढ्या वर्षांचं पथ्य तुझ्या ताटलीत ठेवलं. मी माझं पथ्य कुणासाठी पाळत होते मग? मीठ घातलं, मैदा घातला, पीठ मळून गोळा फडक्याखाली ठेवला. आधी चाळलेल्या मैद्यात मीठ अगोदरच पडलं होतं की नव्हतं याची मला शुद्ध नव्हती. लाटलं, वाटीने कापलं, बाटलीच्या झाकणाने खिडक्या पाडल्या. भाजून निघाल्या तेव्हा इतक्या देखण्या कधीच झाल्या नव्हत्या. कड सोनेरी, मध्य फिका, एकही फुगलेली नाही. जॅम भरताना एक थेंबही बाहेर गेला नाही. म्हटलं, ये आता टेबलावर.

यांच्या ऑफिसची मोठी खोली एरवी सुट्या भागांच्या खोक्यांनी भरलेली असते. त्या दिवशी खोकी भिंतीला लावून मधे टेबलं जोडली होती. खोलीत लोण्याचा, व्हॅनिलाचा आणि त्याखाली मशीनच्या तेलाचा वास होता. साहेबांच्या बायकोने माझी बिस्किटं पाहून नेहमीचं म्हटलं, "बाई गं, ही खायची कशी, कपाटात ठेवायची." मी नेहमीसारखी हसले. हे खिडकीशी दोघा मेकॅनिकांबरोबर उभे होते, हातात चहाचा कप. मी डबा घेतला आणि टेबलाच्या कडेने निघाले. चॉकलेटची होती, बदामाची होती, चांदण्या होत्या, रंगीत साखर भुरभुरलेली होती, एका ताटलीत नुसतीच चपटी पडलेली केविलवाणी होती, नव्या लग्नाच्या मुलीची असणार. प्रत्येक ताटलीमागे उभ्या बाईला मी पायाच्या नखापासून केसांपर्यंत पाहून घेतलं. हिशेब लिहिणारी, मोकळ्या केसांची, हिच्याकडे मी जास्त वेळ पाहिलं. पण तिची नारळाची निघाली. टेलिफोनवर बसणारी हसून बोलते, तिचा घोगरा आवाज ऐकून मी तिथेच थांबले. तिने विकतची आणली होती, खोकंसुद्धा तसंच ठेवलं होतं. मला त्या दोघींचा मनापासून पुळका आला. तशी मी टेबलाच्या शेवटाला पोचले.

शेवटची ताटली भिंतीकडच्या बाजूला, खुर्चीच्या पाठीमागे जवळजवळ लपली होती. तपकिरी, जाडाभरडी, एक एका आकाराचं, दुसरं भलत्याच. मी एक उचलून उलटं केलं. खालून करपलेलं. आलं नाकात शिरलं. ताटलीमागे कुणी नव्हतं. आणि मी, त्या भरल्या खोलीत, नियम मोडून, ते बिस्कीट तोंडात घातलं. पुरतं घातलं. चावलं तसं कडक, मग एकदम भुसभुशीत, आल्याचा झणका टाळूला, आणि गोडी. बाल्कनीत बोटावर होती तिच्याहून कितीतरी जास्त. मला रडायला येत होतं आणि मी चावत होते. साहेबांची बायको माझ्याकडे पाहत होती. पाहू दे. घास गिळायच्या आत मागून कुणी म्हणालं, "वहिनी, तुम्ही खाल्लंत?"

स्टोअरवाली होती. कंपनीच्या मागच्या अंगाला सुट्या भागांचं कोठार आहे, तिथे जाळीच्या खिडकीमागे बसते आणि मेकॅनिकांना बोल्ट, वायरी, पट्टे काढून देते. हिला मी वर्षानुवर्षं पाहत होते. पाहत होते म्हणजे काय, जाळीमागे काहीतरी हलतंय एवढं ठाऊक होतं. माझ्याहून चार वर्षांनी मोठीच असेल. चष्मा दोरीने गळ्यात, स्वेटरच्या कोपराला दुसऱ्याच रंगाची लोकर. माझी मनातली मोकळ्या केसांची बाई त्या क्षणी खोलीतून निघून गेली, आणि मला तिची इतकी आठवण आली की विचारू नका. "कसं झालंय?" स्टोअरवालीने विचारलं. "खरं सांगा. इथे कुणी तोंडावर खात नाही, त्यामुळे कळतच नाही."

"छान आहे," मी म्हटलं.

"खालून करपतं. माझ्या ओव्हनचं दार लागत नव्हतं हो. तुमच्या मिस्टरांनी बिजागरी सरळ करून दिली. मी काढून आणली होती पिशवीत. आता दार पुष्कळ बरं लागतं, तरी करपतंच." ती हसली. "त्यांना चालतं तसलं. उजवीकडून चावतात बिचारे, डावीकडची दाढ दुखते ना त्यांची, म्हणून मी मऊ ठेवायला बघते."

डावीकडची दाढ. मी खिडकीकडे पाहिलं. हे कप हातात धरून मेकॅनिकाचं काहीतरी ऐकत होते, मान हलवत होते. माझ्यासमोर बसून रोज जेवतात आणि दाढ दुखते हे मला कोठारातल्या बाईने सांगावं. "रोज खातात?" मी विचारलं. आवाज मी लॉन्ड्रीतला काढला, पावती देतानाचा.

"छे, रोज कुठलं. आधी तर नकोच म्हणायचे. मी चहा झाला की सगळ्यांनाच विचारते, घेणार का म्हणून. ते नको म्हणायचे. दुसऱ्या दिवशी परत विचारायचं. सवय आहे माझी, घरी कुणी नाही ना विचारायला. असंच किती महिने नको म्हणत होते, आणि एकदा घेतलंच. आता कधी घेतात, कधी नाही. उरलेलं खिशात टाकतात." मग ती जरा जवळ आली. तिला माझ्याशी बोलायला आवडत होतं, हे तिच्या सगळ्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मी म्हटलं एकदा त्यांना, घरी वहिनी एवढी देखणी बिस्किटं करतात, ती सोडून माझी ही काय खाता? तर म्हणाले, घरी होतात ती लोकांना वाटायला होतात." आणि माझं तोंड पाहून पटकन म्हणाली, "वाईट अर्थाने नाही हो बोलले. सहज बोलले."

सहज बोलले, हे मलाही कळत होतं. मी डब्यात तिची बिस्किटं भरली, जरा जास्तच भरली, आणि तिला माझ्या ताटलीकडे घेऊन गेले. तिने दोन्ही हातांनी एक उचललं, खिडकीतून आरपार पाहिलं आणि कागदात गुंडाळून ठेवलं. मला तिचा मत्सर वाटत होता. आता कळलं होतं कशाचा, आणि त्याने तो कमी होत नव्हता. लफडं असतं तर त्याला रीत आहे. आदळआपट करता येते, बॅग भरून ताईकडे जाता येतं, चार माणसं आपल्या बाजूने बोलतात. इथे एका बाईने रोज जाळीमागून विचारलं होतं, घेणार का, आणि मी विचारलं नव्हतं. याची तक्रार घेऊन कुठे जायचं? हे माझ्या घरात ओट्यापाशी उभे राहिले होते, ताटात चकत्या निवत होत्या, आणि मी म्हटलं होतं सरका. परतताना बसमध्ये डबा माझ्या मांडीवर होता. हे बाहेर पाहत होते. माझं लक्ष यांच्या गालाकडे होतं, डाव्या. तिथे काही सूज वगैरे दिसत नव्हती. म्हणजे पाहून कळण्यासारखं नव्हतंच ते, अशी मी स्वतःची समजूत घालत होते, आणि लगेच मनात यायचं, तिला कसं कळलं मग?

घरी आल्यावर यांनी नेहमीप्रमाणे चहा टाकला. संध्याकाळचा चहा हे करतात. बिनसाखरेचे दोन कप टेबलावर आले. मी डबा घेऊन उभी होते. त्यात सगळ्यांची होती, आणि एका बाजूला माझी, तुटलेली, सोमवारी इस्त्रीवाल्याला न्यायची म्हणून घरी ठेवलेली, आत्ताच त्यात घातलेली. दोन शब्द बोलायचे होते. काउंटरवर दिवसाकाठी किती माणसांना मी विचारते, घडी घालून देऊ का, बटण लावून देऊ का, आणि इथे डब्याचं झाकण नुसतीच उघडत-मिटत राहिले. नको म्हणाले तर? तिला नको म्हणाले तेव्हा तिचं काय जात होतं? माझं सगळं जाणार होतं. हे कपावर फुंकर मारत होते. मी म्हटलं, "देऊ का एक?"

यांनी वर पाहिलं. आधी डब्याकडे नाही, माझ्याकडे. "तुझं?"

"माझं."

यांनी हात पुढे केला. मी तुटलेल्यांतलं नाही दिलं. त्यांच्याखाली एक आख्खं राहिलं होतं, ते शोधून काढलं. यांनी ते तोंडात घातलं आणि उजवीकडून चावायला लागले. मी उभीच. यांनी पुष्कळ वेळ चावलं. चहाचा घोट घेतला. परत चावलं. मग म्हणाले, "खारट आहे."

"खारट?"

"मीठ जास्त पडलंय. बरंच."

मी एक तुकडा तोंडात टाकला. बरंच कसलं, मिठागर होतं. आधी जॅमची गोडी, आणि तिच्या मागून मीठ. सकाळचं भांडं, चाळण, माझं तिच्याशी चाललेलं भांडण, सगळं डोळ्यांपुढून गेलं. साहेबांच्या बायकोने कपाटात ठेवायची म्हणून भरून नेली होती. टेलिफोनवाली, हिशेबवाली, सगळ्यांच्या घरी आता चहा होत असणार. स्टोअरवालीने कागद उघडला असेल. मी खाली बसले. "बाई गं," एवढंच तोंडातून आलं. हे हसायला लागले. मोठ्याने नाही, पोटातल्या पोटात. ओठाच्या कोपऱ्यातली ती रेघ खोल झाली. म्हणजे ती हसूनच आली होती.

"तिची करपतात," मी म्हटलं. हे हसायचे थांबले. "तिला सांगता का कधी?"

कुणाची, असं यांनी विचारलं नाही. "नाही."

"का?"

"तिला कशाला सांगायचं," हे म्हणाले. "बरं दिसतं का ते?"

आणि मला म्हणाले होते, खारट आहे. पहिल्याच घासाला, तोंडावर. मी ते मनात धरून ठेवलं. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर एखादी बाई किती खूश होऊ शकते हे ताईला सांगितलं असतं तर तिने फोन ठेवून दिला असता. मला माझा जिंकल्यासारखा आनंद समजत होता आणि त्याची लाजही वाटत होती, पण आनंद जास्त होता. "दाढ कधीपासून दुखतेय?" मी विचारलं. हे म्हणाले, "झाले काही महिने." मी म्हटलं, "मला बोलायचं ना." हे कप फिरवत बसले. आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. साहेबांची बायको असणार. आमच्यापैकी कुणीही उठलं नाही, आणि वाजून वाजून तो थांबला.

डबा आमच्या मधे उघडा होता. "आणखी एक?" मी विचारलं.

"नको," हे म्हणाले.

मी झाकण लावलं नाही. थोड्या वेळाने परत विचारलं.